बोट न लावता

शनी दिसतो. पण फोकसच्या चाकाला बोट लावलं
की त्याचं कडं सुटतं
आणि चहातल्या बिस्किटासारखं विरघळतं.
म्हणून मोटर. म्हणून नव्या पेठेत
दस्तगीरभाईंच्या दुकानात मी तिसऱ्यांदा उभी.

"कशाला पायजे मॅडम, ड्रोनला?"
"दुर्बिणीला."
"मग ड्रोनचीच न्या की, गरगर फिरती."
गरगर नको, भाई.
एका वेळी केसाच्या जाडीइतकं सरकणारं
आणि सरकून तिथंच बसणारं काहीतरी द्या.
ते हसले, "असा माणूस मिळंना, मोटर कुठनं आणू?"

साधी डीसी मोटर स्वस्त,
पण बटण सोडलं तरी थोडी पुढं जाते,
निरोप घेऊन उंबऱ्यात अर्धा तास बोलणाऱ्या पाहुण्यासारखी.
निळ्या टोपीची छोटी स्टेपर, तिचे दात ढिले:
उलटी फिरवली की आधी नुसतीच फिरते,
मग आठवतं तिला काम.
शेवटी एका मेलेल्या प्रिंटरच्या पोटातनं
काढून दिली त्यांनी चौकोनी, जड, काळी एक.
दोनशे पावलांत एक फेरा.
सोबत नखाएवढ्या चिपचा ड्रायव्हर, लाल पाटीवर,
आणि बजावलं, "करंट कमी ठेवा,
नायतर ही सोलापुरापेक्षा गरम होती."

नान्ना खाटेवरनं बघत होते.
चाळीस वर्षं त्यांनी जकार्डचे पुठ्ठे टोचले:
भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली,
त्यातनं चादरीवर मोर.
मी सांगितलं, ही चिपही तेच करते,
वीज आहे, वीज नाही, आहे, नाही,
वर एका पावलाचे सोळा तुकडे करते.
"सोळा?" नान्ना म्हणाले, "मग पोचायचं कधी?"

पोचले. पट्टा बसला, दोन बटणं बसली,
जुन्या मोडेमचा अडॅप्टर जोडला,
गच्चीवर नळी उभी केली.
बोट न लावता शनी थरथरत होता.
मोटर नव्हे. मी नव्हे.
पलीकडं मादगुंडींचे चोवीस माग,
रात्रपाळी, टॉवेल,
खडखड भिंतीतनं गच्चीत, गच्चीतनं तिपाईत,
तिपाईतनं शंभर कोटी किलोमीटरवर.
इतकी वर्षं ही खडखड ऐकू येत नव्हती मला.
आता ती दिसत होती.

दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.
अख्खी पेठ एकदम गप्प,
दिवे गेले, आकाश खाली उतरलं,
शनी पहिल्यांदाच उभा राहिला जागच्या जागी
जरासा धूसर.
मी बटण दाबलं.
अडॅप्टर भिंतीत होता. भिंतीत वीज नव्हती.
"काय बे तू," मीच मला म्हणाले.

चौथ्यांदा नवी पेठ.
"बारा व्होल्टची बॅटरी," मी म्हणाले,
"आणि वीज कधी जाणार ते सांगा."
भाई म्हणाले, "पहिली आहे. दुसरी ठेवत नाही."

अकरा रात्री वाट बघितली.
वीज जावी म्हणून जागणारी
गल्लीतली मी एकटीच असेन,
त्या बिचाऱ्या मागवाल्यांना कळलं असतं तर!
बाराव्या रात्री गेली.
नान्नांना हाताला धरून जिना चढवला,
बटण त्यांच्या थरथरत्या अंगठ्याखाली दिलं.
अंगठा हलला, शनी हलला नाही.
टिक. टिक. पुढं गेले, जास्त गेले, मागं आले.
"मागनं येऊन थांबू नका," मी म्हणाले,
"दात ढिले असतात, परत पुढनंच या."
कुणी शिकवावं लागतंय का मला, असं काहीतरी
ते तेलुगूत पुटपुटले.

मग बराच वेळ काहीच नाही.
डोळा लावलेला. श्वाससुद्धा बाजूला सोडत होते.
"कड्यात," ते म्हणाले, "कडेपासनं जरा आत,
एक धागा सुटलाय."

मी बघायला वाकले
तोवर वीज आली.